उभ्यानं सांग

आमच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाइकांसाठी एक हॉल आहे, आणि त्या हॉलच्या कोपऱ्यात एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. ते माझं. म्हणजे त्यावर माझं नाव वगैरे नाही, पण दुसरं कोणी त्यावर बसत नाही, आणि पोछा मारून झाला की सफाईच्या बाया ते परत त्याच कोपऱ्यात नेऊन ठेवतात.

नागपुरात, धंतोलीतल्या या खाजगी दवाखान्यात मी समुपदेशक आहे. हा शब्द फक्त गळ्यातल्या कार्डावर. बाकी सगळे 'बाई' म्हणतात. काम साधं आहे. आत काय चाललंय ते डॉक्टर मला सांगतात आणि मी ते बाहेर सांगते. डॉक्टरांना वेळ नसतो, आणि खरं बोलायचं तर पुष्कळदा हिंमतही नसते. बाहेर यवतमाळ, वर्धा, गोंदियाकडची माणसं सतरंज्या टाकून बसलेली असतात. डोक्याशी पिशवी, पिशवीत भाकरी, आणि नजर त्या काचेच्या दारावर. दार उघडलं की सगळ्या माना एकदम वळतात. इतकी वर्षं झाली तरी त्या वळणाऱ्या मानांची मला सवय झाली नाही. पण हे असं स्पष्ट म्हणायला मी अलीकडेच शिकले. आधी कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते, "कामाचा भाग आहे."

माझी एक पद्धत होती आणि मला तिचा अभिमान होता. वाईट बातमी बसून सांगायची. उभ्याने सांगितलं तर समोरच्याला वाटतं, हिला पळायची घाई आहे. म्हणून स्टूल जवळ ओढायचं, त्याच्या नजरेच्या थोडं खाली बसायचं, मोबाइल पालथा ठेवायचा, आधी पाणी द्यायचं आणि मग आवाज खाली आणून बोलायचं. नव्या मुलींना मी हेच शिकवायचे. मोठे डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे, आमच्या बाईंसारखं बोलणं कोणाला जमत नाही. ते ऐकून मी मान खाली घालायचे, पण आतून फुगायचे.

एकदा दारव्ह्याकडची एक म्हातारी होती. तिचा नवरा आत होता आणि त्याचं काही खरं नव्हतं. मी कोपऱ्यातून स्टूल उचललं आणि तिच्याकडे निघाले. मी अजून चार हात लांब होते. तिने दोन्ही हात जोडले आणि ओरडली, "बाई, बसू नोका! पाया पडतो तुमच्या, बसू नोका!"

मी स्टूल हातात धरून तशीच उभी राहिले. तिच्या शेजारचा माणूस, दुसऱ्याच कुठल्या पेशंटचा भाऊ, मला समजावायला लागला. "तिचं मनावर नोका घेऊ बाई. इथं सगळ्याईले माहीत हाय. तुमी उभ्यानं बोलल्या तं पेशंट वाचते. स्टूल ओढलं का खेळ खलास."

पिण्याचं पाणी कुठे, स्वस्त जेवण कुठल्या गल्लीत आणि बाईंचं स्टूल म्हणजे काय, हे त्या हॉलमधले जुने लोक नव्यांना पहिल्याच दिवशी सांगत होते. कधीपासून, कोण जाणे. मला मात्र पत्ता नव्हता.

मी घाबरले नाही, मला वाईटही वाटलं नाही. निदान तसं मला वाटलं. मी ती एक अडचण समजले आणि सोडवायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून चांगली बातमी सांगतानाही बसायला लागले. काही दिवस लोक गोंधळले. मग त्यांनी स्टूल सोडून पाण्याचा ग्लास बघायला सुरुवात केली. लोक माझ्याकडे बघून आपलं नशीब ओळखत होते, आणि मी विचार करत होते की आता ग्लासाचं काय करावं. आपण मुळात बसतो कशासाठी, हा प्रश्न माझ्या डोक्यातही आला नाही.

त्याच सुमारास दवाखान्याने आम्हा सगळ्यांना एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विमानतळाजवळ, मिहानच्या बाजूला एक नवं हॉटेल, थंडगार हॉल, टेबलावर पेपरमिंटच्या गोळ्या. विषय होता भावनांची समज. शिकवणारी तरुण होती, अंगावर महागाची खादी. तिने मला उभं केलं आणि विचारलं, "आत्ता या क्षणी आत काय चाललंय?"

मी सांगितलं. माझ्या डावीकडचे बिलिंगचे गृहस्थ वैतागले आहेत, कारण त्यांची आजची सुट्टी बुडाली. मागच्या रांगेतल्या सिस्टरचं सकाळी घरी काहीतरी वाजलं आहे, ती कधीही रडेल. आणि तुम्ही स्वतः मघापासून घड्याळ बघताय, तुम्हाला विमान गाठायचं आहे. सगळा हॉल हसला. टाळ्या पडल्या. मागची सिस्टर खरंच रडायला लागली.

ती बाई हसली नाही. "मी तुमच्याबद्दल विचारलं होतं," ती म्हणाली.

"मी ठीक आहे," मी म्हणाले आणि खाली बसले. मला तिचा राग आला होता. पण ते राग येणं आहे, हेही मला त्या वेळी कळलं नाही. मला वाटलं, तिलाच शिकवता येत नाही.

'मी ठीक आहे' हे माझं आयुष्यभराचं उत्तर. माझं लग्न मोडलं तेव्हा नवरा दारात उभा राहून म्हणाला होता, "तुझ्याशी भांडणसुद्धा करता येत नाही. तू मला पेशंटच्या नातेवाइकासारखं वागवतेस." तेव्हाही मी त्याला पाणी विचारलं होतं. मग मी बाबांकडे राहायला आले. आई आधीच गेली होती. भाऊ पुण्यात. उत्तर नागपुरातल्या त्या दोन खोल्यांत आणि गच्चीत आम्ही दोघंच.

बाबांशी मात्र मी भांडायचे. जगात फक्त त्यांच्याशी. ते महानगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते, रस्त्यावरचे व्हॉल्व्ह उघडायचं आणि बंद करायचं काम. सगळी नोकरी लोकांच्या शिव्या खाण्यात गेली. या गल्लीत पाणी आलं की त्या गल्लीतले काठ्या घेऊन यायचे. बाबा त्यांच्याही दोन पट्ट्या वर ओरडायचे. गोड बोलणाऱ्या माणसाचा त्यांना फार संशय. "गोड बोलनाऱ्यानंच मोटर लावून पानी चोरलं," असं ते म्हणायचे आणि त्यात दहा-पंधरा घरांची नावं घ्यायचे. आमच्या घरात प्रेम, काळजी, आठवण सगळं आवाज चढवूनच व्हायचं. भाजीत तिखट कमी, टीव्हीचा आवाज मोठा, तू उशिरा काहून आली, तुम्ही गोळी का नाही घेतली. शेजारीण म्हणायची, तुमच्या घरात कोणी बोलत नसलं की मलेच चैन पडत नाही.

सगळ्यात मोठं भांडण कूलरचं. चौदा एप्रिलच्या आधी आमच्याकडे कूलर लागायचा नाही. हा बाबांचा कायदा. जयंतीच्या मिरवणुकीत उन्हातान्हात नाचून यायचं, निळ्या गुलालाने माखलेलं तोंड धुवायचं, आणि मग त्या वर्षीच्या कूलरसमोर पहिल्यांदा बसायचं. नागपुरात मार्चमध्येच भिंती तापतात, पण बाबा ऐकायचे नाहीत. मी दर वर्षी मार्चच्या शेवटी टाकीतला गाळ काढून, जाळ्यांत नवी खस, म्हणजे वाळा, भरून कूलर खिडकीला लावायचे आणि बाबा वायर काढून खिशात घालून फिरायचे. वायरीचं एक टोक सदऱ्याच्या खिशातून लोंबत असायचं. तशा अवतारात ते किराणा आणायलाही जायचे.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी त्यांचे डोळे पिवळे झाले. मी त्यांना आमच्याच दवाखान्यात नेलं. तपासण्या चालू असताना माझं काम निघालं, म्हणून त्यांना नातेवाइकांच्या हॉलमध्ये बसवून गेले. परत आले तेव्हा ते सतरंजीवर मांडी घालून चार घरच्या लोकांत बसले होते, कोणाची तरी भाकरी खात. बाबांना कुठेही सोडा, ते माणसं गोळा करायचेच.

रिपोर्ट माझ्याच हातात आला. स्वादुपिंडाचा कर्करोग, यकृतापर्यंत पसरलेला. आमच्या डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि गडबडले. मीच त्यांना म्हणाले, "सर, बसा." मीही बसले. करण्यासारखं फार काही नाही, ते म्हणाले. वेदना होऊ द्यायच्या नाहीत, एवढंच. मी मान डोलावली, आभार मानले, बाहेर येऊन दोन कुटुंबांशी बोलले. मग पुण्याला भावाला फोन लावला. तो रडला. मग म्हणाला, "बाबांना सांगू नको. तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक आहे."

घरी आले. बाबा खाटेवर पेपर वाचत होते. मी मोरीजवळचं प्लास्टिकचं स्टूल खाटेजवळ ओढलं, बसले, मोबाइल पालथा ठेवला. "पाणी देऊ का बाबा?" मग खालच्या आवाजात सांगितलं की कावीळ आहे, थोडी लांबेल, काळजीचं काही नाही.

बाबांनी पेपर खाली घेतला. माझ्याकडे पाहिलं, स्टूलकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि परत पेपर वर धरला. मला आठवतं, मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, जमलं.

त्यानंतर बाबा विचित्र वागायला लागले. आधी भाजीला नावं ठेवली. मी म्हणाले, "बरं बाबा, दुसरी करते." खिचडी केली तर ताट सरकवून दिलं. मी ताट उचललं. टीव्हीचा आवाज इतका मोठा केला की खिडक्या थरथरल्या. मी नुसती खिडकी लावून घेतली. मार्चच्या मधोमधच मी कूलर लावला, त्यांनी हूं की चूं केलं नाही. उलट म्हणाले, "चालू कर." चालू केला. "बंद कर." बंद केला. "चालू कर." मी उठून पुन्हा बटन दाबलं. ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होते. मग भिंतीकडे तोंड करून पडले.

मी मनात त्याचं निदानही करून टाकलं. दुखण्यात माणूस चिडचिडा होतो, आपण शांत राहावं. नव्या मुलींना मी हेच सांगायचे. म्हणून मी अजून गोड झाले. बाबा जितके बोचकारत तितकी मी मऊ होत गेले. एक दिवस त्यांनी पाण्याचा ग्लास फेकून दिला. मी वाकून काचा वेचत असताना ते पुटपुटले, "कोन हाय वं तू?" मला वाटलं, आता भ्रम व्हायला लागला. तेही मी डॉक्टरांना कळवलं.

मे महिन्यात त्यांचं खाणं सुटलं. पोटात पाणी भरलं, पायांवर सूज आली. डॉक्टर म्हणाले, घरी ठेवलंत तरी चालेल, वेदनेची औषधं देतो, सिस्टर येऊन जाईल. मीच हट्ट धरला. आपल्याकडे बेड आहे, माझी माणसं आहेत, सगळं डोळ्यांसमोर राहील, बाबांना घरी त्रास होईल. 'बाबांना त्रास होईल' हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्या जणांना ऐकवलं की मला स्वतःलाच पटलं.

सकाळी अँब्युलन्स आली. गल्लीत ती वळेना म्हणून ड्रायव्हरने नाक्यावरच उभी केली आणि दोन पोरं स्ट्रेचर घेऊन दारात आली. मी बाबांची पिशवी भरली होती. त्यांचा चष्मा, टॉवेल, धुतलेला पांढरा सदरा. मग मी स्टूल ओढलं.

"बाबा, थोडे दिवस दवाखान्यात राहू. तिथे तुम्हाला आराम पडेल."

"उठ," बाबा म्हणाले.

"काय?"

"उठ त्या स्टूलावरून. ज्या दिवशी तू स्टूल ओढलं ना, त्याच दिवशी मले समजलं. मले काय येडा समजून राहिली का? त्या हॉलात बसलो होतो मी. एका बाईनं मले भाकर देल्ली आन् सांगतलं, ती पोरगी स्टूल घेऊन बसली आन् पानी इचारलं का समज मानूस गेला. मी तिले सांगतलं नाही का ती पोरगी माही हाय."

स्ट्रेचरवाली पोरं खाली बघायला लागली. मी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं.

"बाबा, तुम्ही दमाल. थोडं पाणी—"

"नोको तुह्यं पानी! दोन महिने झाले, माही पोरगी घरात नाही. दवाखान्यातली बाई येऊन राहिली घरी. मी भाजी नासवली, ग्लास फोडला, बाई म्हनते, बरं बाबा. जे सांगाचं ते उभ्यानं सांग. घरातल्यासारखं सांग."

मी उठले. त्यांना शांत करायला म्हणून उठले होते. म्हटलं, उभं राहून तर उभं राहून. "बाबा, तुम्हाला घरी—" एवढं बोलले आणि माझे गुडघे थरथरायला लागले.

किंचित नव्हे. साडीच्या निऱ्या हलताना मला दिसत होत्या. मी खाटेची दांडी धरली तर खाट कुरकुरली. मला काहीच कळेना, हे काय होतंय? साखर कमी झाली असेल, असा विचारसुद्धा आला. आणि मग, दांडी धरून उभी असताना, मला कळलं की हे नवं नाही. हे गुडघे मला माहीत होते. अगदी पहिल्या वर्षी, वर्ध्याच्या एका बापाला त्याच्या मुलाचं सांगताना ते असेच लटलटले होते, आणि पडू नये म्हणून मी हाताला लागलं ते स्टूल ओढलं होतं. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. नंतर त्याची पद्धत झाली, पद्धतीचं कौतुक झालं, आणि गुडघे मी विसरून गेले. लोकांना बरं वाटावं म्हणून मी बसत नव्हते. मला उभं राहवत नव्हतं म्हणून बसत होते. इतकी वर्षं त्या काचेच्या दारातून बाहेर येताना प्रत्येक वेळी मी घाबरलेली असायचे, आणि ते त्या हॉलमधल्या सगळ्यांना दिसायचं. मला सोडून.

"बोल," बाबा म्हणाले. "कोनासाठी नेऊन राहिली मले?"

"तुमच्यासाठी," तोंडातून आपोआप निघालं.

"खरं सांग."

"तुम्ही घरात मराल," मी ओरडले. खरंच ओरडले. बाहेरची पोरंही दचकली असतील. "इथं, या खाटेवर मराल आन् मी एकटीच असंन! तिथं दहा लोक असतात, मशीन असते, तिथं मले माहीत असते काय कराचं. इथं मी काय करू? मले भेव वाटते बाबा! मले लय भेव वाटते!"

कूलर घरघरत होता. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, मी फार बोलले. मग दिसलं की त्यांचा चेहरा सैल पडला आहे. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हे झालं बोलनं," ते म्हणाले. थोडं थांबून, धाप आवरून पुढे म्हणाले, "मंग तसं म्हन ना. तुले भेव वाटते म्हनून चाला, असं म्हन. मी येतो. पन माह्या नावावर नोको टाकू. मले काई त्रास नाही घरी."

आणि ते खरंच उठायला लागले. कोपरावर भार देऊन, त्या सुजलेल्या पायांनी, माझी भीती घेऊन दवाखान्यात जायला. एवढं मला आयुष्यात कधीच काही लागलं नव्हतं.

मी त्यांना परत आडवं केलं. बाहेर जाऊन पोरांना सांगितलं, नाही नेत. ड्रायव्हर कुरकुरला. मी त्याच्याशीही भांडले. मग घरात येऊन मोरीत उलटी केली.

यानंतर सगळं छान झालं असं कोणी समजू नये. बाबा घरीच राहिले आणि ते राहणं भयंकर होतं. औषधाच्या थेंबांनी वेदना दबायची, पण कण्हणं थांबायचं नाही. अंथरूण दिवसातून कितीदा बदलावं लागायचं. बेचाळीस-चव्वेचाळीसच्या उन्हात त्या खोलीला वास भरून राहायचा. भाऊ दोन दिवस येऊन गेला. म्हणाला, असं कसं ठेवलंस, दवाखान्यात हलव. माझे गुडघे लगेच हलले. पण आता मी त्यांना ओळखत होते. मी त्याला म्हणाले, "मलाही तेच वाटतं, कारण मी घाबरले आहे. तूही घाबरला आहेस. बाबांना मात्र जायचं नाही." तो खाटेच्या पायथ्याशी गेला. मग बाबांचे पाय चेपत बसला.

भीती कमी झाली नाही. तिचं नाव कळलं, एवढंच. पण नाव कळल्यावर ती माझी भीती राहिली, बाबांचा त्रास झाली नाही. हा फरक कागदावर लहान दिसतो. त्या खोलीत तो फार मोठा होता.

आम्ही भांडलो मात्र. त्यांच्यात ताकद होती तोवर. पेज पातळ झाली म्हणून, दाढी नीट केली नाही म्हणून, कूलरचा पंप मी बंद का करत नाही म्हणून. शेजारणीने भिंतीपलीकडून ऐकलं असणार. ती एका सकाळी पातेलंभर वरण देऊन गेली आणि दारातच पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "भांडा वं, भांडा."

एका दुपारी औषधाची गुंगी उतरल्यावर बाबा जागे झाले. मी खाटेशी उभी राहून त्यांच्या तोंडाला ओला कापूस लावत होते.

"भेव वाटते का वं?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

त्यांनी माझा कापसाचा हात बाजूला केला. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी, लहान असताना, माझ्या आजोबांच्या खांद्यावर बसून बाबा त्या मैदानावर गेले होते. देव, स्वर्ग, पुढचा जन्म, सगळं त्या दिवशीच घरातून गेलं, असं ते अभिमानाने सांगायचे. मेल्यावर काही नाही आणि घाबरण्यासारखंही काही नाही, हे त्यांनी मला शाळेत असल्यापासून ठणकावून शिकवलं होतं. काठ्या घेतलेल्या मोहल्ल्यासमोर व्हॉल्व्हची चावी घेऊन एकटा उभा राहणारा माणूस.

"मले बी," बाबा म्हणाले.

माझ्या तोंडाशी सगळी वाक्यं आली. काही होणार नाही, आम्ही आहोत ना, शांत पडा. इतक्या वर्षांत पाठ झालेली. मी त्यातलं एकही बोलले नाही. त्यांचा हात धरला. तो थरथरत होता आणि माझाही. मी पहिल्यांदाच माझा हात थरथरू दिला. माझ्याआधी त्यांनी हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आईलासुद्धा नाही.

दोन दिवसांनी, भर दुपारी, त्यांचा श्वास बदलला. तो आवाज मला माहीत होता, पण काचेच्या दाराच्या आतला. इथे मशीनचा टीं टीं आवाज नव्हता, दुसऱ्या पाळीची सिस्टर नव्हती. कूलरचा पंप पाणी चढवत होता आणि मधेच बाबांचा श्वास घशात अडकत होता. मी उभी राहिले. बसावंसं वाटत होतं, पळून जावंसं वाटत होतं, नाक्यावर जाऊन रिक्षा थांबवावीशी वाटत होती. मी मोठ्याने म्हणाले, "बाबा, मी घाबरले आहे. पण इथंच आहे." त्यांना ऐकू गेलं की नाही, माहीत नाही. तोंड उघडं होतं. दोन श्वासांमधलं अंतर वाढत गेलं, आणि मग पुढचा श्वास आला नाही. चेहरा शांत वगैरे झाला नव्हता. तोंड तसंच उघडं राहिलं होतं.

मी त्यांचे डोळे मिटले. हनुवटीखाली टॉवेलची घडी ठेवली. कूलर बंद केला. मग उभ्यानेच भावाला फोन लावला आणि सांगितलं, "बाबा गेले."

तो रडत राहिला. मी थांबले. मग नेहमीसारखं त्याने विचारलं, "तू ठीक आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले, आणि मग स्टूल ओढून बसले.